रांगेतले आबा

दही घरी लावतात, मेल घरी लावत नाहीत, असं माझी बायको मृण्मयी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. ते ऐकलं असतं तर माले गावात माझी आज जी पत आहे त्यापेक्षा ती बरीच बरी असती. पण विमा कंपनीच्या संगणक विभागातून निवृत्त झालेल्या माणसाला एखादी गोष्ट करू नका म्हणणं म्हणजे ती त्याच्याकडून करवून घेणंच आहे, हे तिलाही इतक्या वर्षांत कळायला हरकत नव्हती.

झालं होतं एवढंच. ज्या फुकट मेलसेवेवर आमचा सगळा पत्रव्यवहार चालायचा, तिने एके सकाळी मला ओळखायला नकार दिला. तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा, म्हणाली. त्यासाठी तिने ज्या नंबरवर आकडे पाठवले तो नंबर मी कोथरूड सोडून मालेला राहायला आलो तेव्हाच बंद केला होता. तक्रार करावी तर तक्रारीसाठी आधी आत शिरावं लागत होतं. उपासनी घराण्यातल्या माणसाला आजवर स्वतःच्याच दारात असं कुणी उभं केलेलं नव्हतं. त्याच दिवशी मी ठरवलं, की यापुढे आपला मेल सर्व्हर आपण चालवायचा.

यात एक अडचण होती, आणि ती म्हणजे येसाजी. येसाजी आमच्या वरच्या अंगाला राहतो, शेरडं राखतो. आमच्या घरापर्यंत येणारी इंटरनेटची वायर कंपनीच्या माणसांनी खांबांचा खर्च वाचवायला सुबाभळीच्या झाडांना बांधत आणली होती, आणि येसाजी शेरडांसाठी पाला तोडायचा तो त्याच झाडांचा. फांदीबरोबर वायरही यायची. मी एकदा गंभीरपणे त्याच्याकडे विषय काढला, तर त्याने मलाच विचारलं, की वायर कुनी झाडाला बांदतं व्हय? कंपनीच्या माणसाला फोन केला की तो "उद्या येतो" म्हणायचा, आणि मग आमच्याकडे उद्या उगवायचाच नाही.

म्हणून मी साठवून पुढे धाडायची पद्धत निवडली. मुंबईत एक मशीन भाड्याने घेतलं, जे कधी बंद पडत नाही. जगातून येणारं मेल आधी त्याने घ्यायचं, रांगेत ठेवायचं, आणि आमच्या घरच्या मशीनची लाईन जिवंत झाली की एकेक करून पुढे धाडायचं. लाईन नसेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दार वाजवून बघायचं, पण मेल हरवू द्यायचं नाही. ही व्यवस्था मी हैबतरावांना आकृती काढून समजावून सांगितली. हैबतराव म्हणजे आमचे शेजारी. आमचा प्लॉट त्यांच्याच जमिनीतून पडलेला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हंजी टपरीवर निरोप ठेवल्यावानी." मी आकृती घडी करून खिशात ठेवली.

पुढचे दोन महिने कसे गेले ते मृण्मयीला विचारू नये. मुंबईच्या मशीनला जो पत्ता मिळाला, त्यावरून पूर्वी कुणीतरी केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिराती पाठवत असे. त्यामुळे जगातले मोठे सर्व्हर माझं मेल उंबऱ्यावरूनच परत लावत. माझ्या डोक्याची एकंदर परिस्थिती पाहता हा आरोप मला फार लागला. काळ्या यादीतून नाव काढून घ्यायला एका परदेशी संस्थेकडे अर्ज करावा लागतो, आणि त्यांचं उत्तर मेलने येतं. कोणत्या मेलवर पाठवू, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी थोडा वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो. कंपनीच्या मदत-केंद्रातल्या मुलीला मी माझ्या पत्त्याची उलट्या बाजूनेही, म्हणजे आकड्यांवरून नाव सापडेल अशी, नोंद करायला सांगत होतो आणि ती प्रत्येक वेळी "सर, राउटर बंद करके चालू किया क्या?" एवढंच विचारत होती. त्यात हैबतरावांनी कौतुकाने पंचायतीत सांगितलं, की उपासनीसाहेब घरात टपाल कचेरी काढत्यात. दुसऱ्याच दिवशी ग्रामसेवक आले. कचेरीला ना हरकत दाखला घेतला आहे का, असं त्यांनी विचारलं. ही कचेरी नसून घरच्या मशीनचा एक डबा आहे, असं म्हणून मी त्यांना तो दाखवला. त्यांनी डबा सर्व बाजूंनी पाहिला, चहा घेतला, आणि डब्याला दाखला लागतो की नाही हे वरिष्ठांना विचारून कळवतो म्हणाले. वरिष्ठ अजून विचार करत आहेत.

पण शेवटी चाललं. माझ्या सर्व्हरवरून पहिलं मेल मी मृण्मयीला पाठवलं, ती स्वयंपाकघरात होती. मुंबईला जाऊन ते तिच्या फोनवर आलं, आणि तिने आतूनच उत्तर दिलं, की आलंय, आता तुम्हीही जेवायला या. मला भरून आलं होतं, पण तिला तसं दाखवलं नाही.

त्यानंतर मी जरा वाहवलो, हे कबूल करतो. गावात ज्याला हवा त्याला मेलचा पत्ता देऊ लागलो. रांग नीट दिसावी म्हणून स्वतः एक तक्ता तयार केला: मेल कुणाकडून, कुणाला, केव्हा आलं आणि विषय काय. विषयाचा रकाना चोवीस घरांचा ठेवला, कारण तेवढाच फोनच्या पडद्यावर मावत होता. मेल उघडून मात्र वाचायचं नाही, हा माझा नियम होता. दुसऱ्याचं पत्र उघडणं आमच्यात चोरीपेक्षा वाईट समजतात, आणि हा नियम मी भेटेल त्याला ऐकवत असे.

हैबतरावांनी पत्ता घेतला त्याला कारण होतं. त्यांचे चुलते आबा मिरजेला मुलाकडे असत. हा मुलगा सिद्धनाथ आणि हैबतराव यांचं बोलणं बंद होतं. घरातल्या एका लग्नाच्या पत्रिकेत सिद्धनाथचं नाव एका पुतण्याच्या खाली छापलं गेलं होतं, तेवढ्यावरून. तेव्हापासून सिद्धनाथने फोन उचलणं सोडलं आणि जे काय असेल ते लेखी कळवा असा निरोप धाडला. आबांजवळ स्वतःचा फोन नव्हता. म्हणजे भांडण दोघांचं, आणि ज्यांचं कुणाशीच भांडण नव्हतं त्या आबांचा आवाज हैबतरावांना कित्येक वर्षांत ऐकायला मिळाला नव्हता. आबांनी त्यांना खांद्यावर बसवून नदीपलीकडच्या शाळेत नेलेलं होतं. हे ते मला निरनिराळ्या निमित्तांनी सांगायचे, आणि प्रत्येक वेळी पाणी मागच्या खेपेपेक्षा थोडं वर चढलेलं असायचं.

आता हैबतरावांची मुलगी वैभवी, तिचं लग्न ठरलं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून सगळ्यांत वर आबा, त्यांच्याखाली सिद्धनाथ आणि मग स्वतः हैबतराव, अशी नावं छापून घेतली. ती पत्रिका माझ्या सर्व्हरवरून मिरजेला गेली. गेली म्हणजे व्यवस्थित पोचली, मी खात्री करून घेतली होती. त्यानंतर हैबतराव रोज सकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसायचे आणि काय आलं का, एवढंच विचारायचे. लग्नाच्या गडबडीतला माणूस रोज माझ्या ओट्यावर येऊन बसतो, याचा मला अभिमानही वाटत होता आणि दडपणही येत होतं.

लग्न चार दिवसांवर आलं असताना येसाजीने पुन्हा पाला तोडला. लाईन गेली. मी कंपनीला फोन केला, उद्या येतो म्हणाले. रांगेत काय साठलंय ते मोबाईलच्या इंटरनेटवर बघावं म्हणून मी तक्ता उघडला. हैबतराव शेजारीच बसले होते. रांगेत एकच मेल होतं. सिद्धनाथकडून, हैबतरावांना. विषयाच्या रकान्यात दोन शब्द होते.

आबा गेले.

मी फोनवर हात ठेवला, पण हात ठेवायला उशीर झाला होता. हैबतरावांनी मान समोरच्या डोंगराकडे वळवली. मग म्हणाले, "मला काय दिसलं न्हाई. चष्मा घरी ऱ्हायलाय माझा." चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

इथे सुतकाचं सांगितलं पाहिजे. भावकीतलं माणूस गेलं की सुतक लागतं, आणि सुतकात लग्न होत नाही. पण ते लागतं कळल्यापासून. दूरच्या गावी कुणी गेलं आणि निरोपच आला नाही, तर इकडच्या माणसाला सुतक नाही. ही शास्त्रातली सवलत पूर्वी वाटा वाईट होत्या म्हणून झाली असावी. ती पुढे मेल सर्व्हरलाही लागू पडेल असं शास्त्रकारांच्या मनात आलं नसणार.

मी हलक्या आवाजात सुचवलं, की मिरजेला दुसऱ्या कुणाला तरी विचारून बघू का? हैबतराव माझ्याकडे वळले. "इचारलं तर कळंल, साहेब. कळलं तर पोरीचं लगीन मोडलं. पावनं लई तालेवार हायेत, दुसरी तारीख धरायचे न्हाईत." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ते निरोपाचं काय व्हनार आता?"

मी सांगितलं, की लाईन आली की ते आपोआप पुढे येणार, तुमच्या पेटीत पडणार, तुमच्या फोनवर वाजणार. दोन महिने मी त्यासाठीच तर खपलो होतो.

"थांबवता येतं?"

येत होतं. रांगेतलं एखादं मेल बाजूला थोपवून धरायची एक आज्ञा असते. मग लाईन आली तरी ते जागचं हलत नाही. आज्ञा अगदी छोटी आहे. ती टाइप करायला मला बराच वेळ लागला. आणि जो माणूस महिनोन्‌महिने उगवत नव्हता, तो कंपनीचा माणूस त्याच दुपारी शिडी घेऊन हजर झाला, वायर जोडली, आणि स्पीड बघून घ्या साहेब, म्हणाला. माझ्या आयुष्यातली सर्वांत उत्तम लाईन मला त्या दिवशी मिळाली.

पुढचे चार दिवस मी सर्व्हरच्या खोलीत गेलो नाही. मुंबईच्या रांगेत एक मृत माणूस उभा आहे आणि मी त्याला घरात येऊ देत नाही, असं वाटायचं. मृण्मयीला सांगितलं, तर तिने माझी थट्टा केली नाही. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना तिने आणखी एक वात लावली.

हैबतरावांना तर काहीच कळलेलं नव्हतं. न कळलेला माणूस जसा वागेल तसं ते वागत होते. मांडवात ओरडत होते, आचाऱ्याशी भांडत होते. पण देवक बसवायच्या वेळी त्यांची कंबर धरली, म्हणून पूजेला त्यांनी धाकट्या भावाला बसवलं. हळदीच्या दिवशी कुणी पेढा दिला, तो त्यांनी हातातल्या हातात ठेवला आणि मग माझ्या हातात दिला. दाढी करायला वेळ मिळाला नाही म्हणाले. वैभवी मला बाजूला घेऊन वडिलांबद्दल म्हणाली, काका, अण्णांना काय झालंय? मी रडतेय आणि ते बघत पण नाहीत माझ्याकडं. मी तिला म्हणालो, कामाचा ताण. विमा कंपनीत चाळीस वर्षं मी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. ते आमच्याकडे दुसरं खातं बघायचं.

लग्न भुकूमच्या कार्यालयात, गोरज मुहूर्तावर. दारात पत्रिकेचा मोठा फलक लावला होता, आणि त्यावर सगळ्यांत वर आबांचं नाव. येणारा प्रत्येक जुना माणूस ते वाचून हैबतरावांना विचारायचा, आबा कुटं दिसत न्हाईत? हैबतराव प्रत्येकाला सांगत होते, "वाटंत असत्याल." दर वेळी ते सांगून झाल्यावर ते फेट्याचा शेमला उगाच नीट करायचे.

शेवटची मंगलाष्टका चालू होती. सगळ्यांच्या मुठीत अक्षता. मी हैबतरावांच्या मागे उभा होतो. ताराबलं झालं, वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या, आणि हैबतरावांची मूठ मात्र तशीच वर राहिली. ते दाराकडे बघत होते. दारात धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी घेतलेला एक अतिशय म्हातारा माणूस स्वतःच्याच नावाचा फलक वाचत उभा होता.

हैबतराव गर्दीतून वाट काढत गेले. जवळ पोचल्यावर त्यांनी आबांच्या तोंडाकडे बघितलं नाही. खाली, पायांकडे बघितलं. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, की भुताचे पाय उलटे असतात. ते दोन्ही पाय पुढच्या बाजूला आहेत अशी खात्री झाल्यावर हैबतराव खाली बसले आणि त्यांनी ते घट्ट धरले. मग ते रडले. चार दिवस थोपवून धरलेलं सगळं एकदम सुटलं. बघणाऱ्यांना वाटलं मुलीच्या लग्नात बाप रडतोय. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, वैभवी बोहल्यावरून बघत होती आणि तिलाही आता मोकळेपणाने रडता आलं.

आबांनी थोडा वेळ त्यांना रडू दिलं. मग म्हणाले, "शिद्धूनं मेल धाडलं व्हतं. स्वारगेटला न्यायला या म्हून. दुपारधरनं तितं बाकड्यावर बसलो व्हतो मी. कुनी आलं न्हाई." आवाज चढलेला नव्हता, पण वाजंत्री नेमकी थांबली होती. "मी यावं असं तुला वाटत नसंल, तर तसं लिवायचं. मी आलो नसतो, हैबत्या."

हैबतरावांनी मान वर केली. तोंड उघडलं. त्यांना काय सांगता येणार होतं? मेल आलं होतं, पण तुम्ही मेलात असं वाटून आम्ही ते दाबून ठेवलं, हे वाक्य कोणत्याही मांडवात म्हणता येत नाही. आबांचा हात पिशवीवर घट्ट झाला होता. त्यांना परतीची गाडी आठवत असावी, असं मला वाटलं.

माझ्याभोवती सगळं गाव होतं. ग्रामसेवक होते. येसाजी होता. ज्यांना ज्यांना मी सांगितलं होतं, की माझ्या व्यवस्थेत मेल कधी हरवत नाही, ते सगळे होते. आणि ते खरं होतं. सर्व्हर निर्दोष चालू होता. मी जन्मात केलेली तेवढी एकच गोष्ट निर्दोष होती.

"आबा," मी पुढे होऊन म्हणालो, "चूक माझी आहे. मेलचा सर्व्हर माझा. तो बंद पडला होता. तुमचं मेल ह्यांना मिळालंच नाही."

आबांनी मला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. हैबतरावांना म्हणाले, "अरं, मग एखाद्या जाणत्या मानसाकडं द्यावं का न्हाई हे काम?"

मांडव हसला. ग्रामसेवक जरा जास्तच हसले. पण आबांनी पिशवी हैबतरावांच्या हातात दिली आणि ते वधूवरांकडे निघाले, तेव्हा मला जो राग यायला हवा होता तो आलाच नाही. मृण्मयीने मागून माझ्या कोटाच्या बाहीला हात लावला. तिला माहीत होतं सर्व्हर चालू होता ते.

लग्नानंतर मी ते मेल सोडलं, आणि हैबतरावांनी ते माझ्यासमोर उघडून वाचलं. विषय होता: 'आबा गेले काही दिवस लग्नाला यायचा हट्ट धरून बसले आहेत.' संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं. मराठी अक्षराला तीन लागतात, आणि काना, मात्रेलाही वेगळी तीन. चोवीस घरांच्या माझ्या रकान्यात त्या वाक्यातले दोनच शब्द मावले होते. आत सिद्धनाथने लिहिलं होतं, की मला रजा नाही, आबांना लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीत बसवून देतो, कुणीतरी स्वारगेटला यावे. पत्रिकेत नाव वर घातल्याचे आबांना आवडले. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीवर: मलाही.

गावात त्यानंतर कुठलीही वस्तू वेळेवर पोचली नाही, की उपासनीसाहेबांच्या रांगेत अडकली असंल, असं म्हणतात. गॅसची टाकी आली नाही तरी म्हणतात.

आबा मालेत राहिले. एके सकाळी काठी टेकत एकटेच आमच्या ओट्यावर येऊन बसले. मृण्मयीने चहा दिला. चहा संपवून त्यांनी पाय पुढे केले आणि म्हणाले, "सरळच हायेत का न्हाई?"

मी त्यांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"हैबत्या आदी पायाकडं का बगत व्हता ते मला कळलं न्हाई, असं समजू नगा. किती दिस मेलो व्हतो मी?"

मग मी सगळं सांगितलं. रकाना, सुतक, थोपवून धरायची आज्ञा. शेवटी आबांनी एवढंच विचारलं, की त्या चार दिवसांत हैबत्या रडला का?

मी म्हणालो, रडता येत नव्हतं त्यांना. रडले असते तर कळलं असतं. पण चार दिवस गोड तोंडाला लावलं नाही, देवाला हात लावला नाही, दाढी केली नाही.

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला. "म्हंजी पाळलं."

"पाळलं."

"मग आता खरंच गेल्यावर न्हाई पाळलं तरी चालंल," ते म्हणाले. डोळे पुसून त्यांनी टोपी घातली आणि मला सिद्धनाथला मेल लिहायला सांगितलं. मजकूर त्यांनीच सांगितला: हैबत्याकडं हाय. मुक्काम वाढवतोय. रजा मिळाली तर तू बी ये.

मी तो जसाच्या तसा लिहिला आणि पाठवला. तक्ता उघडला. विषयाचा रकाना मी आता पडदाभर रुंद केलेला आहे. बाकी कशाला जागा उरलेली नाही. आबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

हा शब्द मी आता वापरत नाही. मिरजेहून पोच येईपर्यंत थांबलो, आणि मग म्हणालो, "पोचलं, आबा."